पद्मिनीला उसना पंखा

प्रीमियर पद्मिनी जन्माने कुर्ल्याची, पण साकीनाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की हमखास तापते. तिचा इंजिन थंड ठेवणारा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला. गाडी रांगेत अडकली की इंजिन मंदावतं, आणि त्याबरोबर पंखाही. समोरून वाराही येत नाही. म्हणजे जोर हवा, नेमका तेव्हाच हा गडी पेंगतो.

माझ्या मित्राने यावर उपाय म्हणून भंगारातून एका अलीकडच्या मोटारीचा विजेचा पंखा आणला, वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या डब्यासकट. जाड वायरींना १२ व्होल्ट दिले. पंखा ढिम्म!

डबा बिघडला नव्हता, तो हुकमाची वाट बघत होता. मूळ गाडीत इंजिनाचा संगणक त्याला बारीक तिसऱ्या वायरीतून पल्स, म्हणजे विजेचे चालू-बंद ठोके, पाठवतो. प्रत्येक पल्समध्ये किती वेळ ‘चालू’, यावरून वेग ठरतो. काही डबे पल्स तुटली की मुद्दाम पूर्ण वेगाने पंखा पळवतात. इंजिन तापण्यापेक्षा ते बरं. पल्स दर सेकंदाला किती, हे मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. मूळ गाडी शाबूत असतानाच ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून ते बघून घ्यावं. एकदा डबा ढिगाऱ्यात गेला की अंदाजपंचे.

मित्राने १९७२ पासून बाजारात असलेली ५५५ ही टायमर चिप वापरून पल्स बनवल्या. तापमान कळायला थर्मिस्टर, म्हणजे तापला की विजेला कमी अडवणारा भाग. त्याचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना जेमतेम ३२०.

एवढा खटाटोप कशाला, साधा रिले, म्हणजे नुसता चालू-बंद करणारा विजेचा खटका, लावायचा, असं मीही म्हटलं होतं. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण वेगाला ३०० वॅट खाणारा पंखा निम्म्या वेगाला साधारण ४० वॅटवर येतो. शिवाय थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या कैकपट प्रवाह ओढते, कारण फिरताना तयार होणारा विजेचा उलटा दाब तेव्हा नसतो. रिले तो झटका सरळ बॅटरीवर घालतो, डबा मात्र हळूहळू वेग चढवतो.

आता सिग्नलला तापमानाचा काटा हलत नाही. पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. जुन्या पद्मिनीचा डायनॅमोही त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर, गाडी उभी असताना तोही पेंगतो, आणि पंख्याची वीज बॅटरीतून जाते. रविवारी पुन्हा भंगारात, अल्टरनेटर शोधायला.