गाण्यांची यादी कुणाकडे?

इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकावरची गाणी फुकट उतरवून घ्यायला नॅपस्टर हे सॉफ्टवेअर चांगलं की कझा, लाइमवायर की बिटटोरंट, हा वाद २००० च्या आगेमागे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वसतिगृहांत रंगायचा. वेग, हवं ते गाणं मिळणं, फाइल खरी निघणं हे त्यातले मुद्दे. पण खरा फरक एकाच गोष्टीचा होता : कोणतं गाणं कुणाच्या संगणकावर आहे, ही यादी कुठे असते?

जून १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. ते लिहिणारा शॉन फॅनिंग बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकत होता. एमपीथ्री या आवाजाची फाइल आटवणाऱ्या पद्धतीमुळे गाणं मिनिटाला साधारण एक एमबी इतकं लहान झालं होतं. घरच्या मोडेमवर त्यालाही दहाएक मिनिटं लागत, वसतिगृहाच्या इथरनेटवर, म्हणजे वेगवान तारेच्या जाळ्यावर, काही सेकंद. म्हणूनच हा खेळ कॉलेजात पेटला. गाणी विद्यार्थ्यांच्या संगणकांवर असली तरी यादी मात्र नॅपस्टरच्या सर्व्हरवर होती. त्यामुळे शोध झटपट लागे, आणि कॉपीराइट मोडल्याचा खटला कुणावर भरायचा हेही स्पष्ट असे. जुलै २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे ते बंद पडलं.

मार्च २००० मध्ये आलेल्या नुटेलाने मधली यादीच काढून टाकली. प्रत्येक संगणक शेजाऱ्यांना विचारी, ते आपल्या शेजाऱ्यांना. या विचारपुशीच्या गर्दीतच मोडेमवाले गुदमरून जात. लाइमवायर याच जाळ्यावर चाले. कझाने २००१ मध्ये मधला मार्ग काढला : दमदार संगणकांना आपोआप ‘सुपरनोड’ करून आसपासच्यांची यादी त्यांच्याकडे सोपवली. कॉलेजातले संगणक वेगवान लाइनवर असल्याने हा भार वारंवार त्यांच्यावर पडे. शिवाय कझा फाइलची ओळख तिच्या काही भागांवरूनच पटवी, त्यामुळे मध्येच बिघडलेली गाणी खपून जात. माझ्या मते कझाचा हाच सर्वांत मोठा दोष.

बिटटोरंट २००१ चंच, पण गाणी शोधायची सोय त्यात नव्हती. एकेका गाण्यापेक्षा अख्ख्या अल्बमला ते सोयीचं.

या तुलनेत कॅम्पसच्या आतली जाळी विसरली जातात, याची मला खंत वाटते. डायरेक्ट कनेक्ट या सॉफ्टवेअरच्या हबवर, म्हणजे सगळे जोडले जात त्या मधल्या ठिकाणी, देवाणघेवाण विद्यापीठाच्या आतच होई. तो वेग बाहेरच्या कुठल्याच जाळ्याला गाठता आला नाही. पण एप्रिल २००३ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी प्रिन्स्टन, रेन्सेलर आणि मिशिगन टेक या विद्यापीठांतल्या चार विद्यार्थ्यांवर खटले भरले. कॅम्पसच्या जाळ्यातल्या फाइली शोधून देणाऱ्या सेवा ते चालवत होते. तडजोडीत प्रत्येकाला १२ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागले. विद्यार्थ्याच्या खिशाला ही रक्कम अवाढव्यच होती.

मधली यादी नसणं हे कवच ठरेल, अशी कझाच्याच तंत्रावर चालणाऱ्या ग्रोक्स्टरची भिस्त होती. जून २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली : लोकांना कॉपीराइट मोडायला उद्युक्त करणारी कंपनी जबाबदार धरता येते, यादी तिच्याकडे असो वा नसो. त्याच वाटेने ऑक्टोबर २०१० मध्ये लाइमवायरही बंद करण्यात आलं.