लैंगिक छळाच्या तक्रारीत युनियनची जागा: पार्श्वभूमी

कोल्हापुरात युनियन म्हटलं की वेतनकरार, बोनस आणि निलंबित कामगाराचा बचाव आठवतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये हीच घडी बसली. मागणीपत्रकात कॅन्टीन, गणवेश, रजा असतात. बाईच्या अंगचटीला जाणाऱ्या सुपरवायझरचा विषय मात्र ‘वैयक्तिक’ म्हणून बाजूला पडतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची सुरुवात ज्या बाईपासून झाली, तिला धड कामगारही मानलं जात नव्हतं. भंवरीदेवी राजस्थान शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात मानधनावर साथीन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखण्याचं काम केलं म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. मानधनावर घरोघर फिरणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या आशा आणि अंगणवाडी सेविकांना वेगळं सांगायला नको.

त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यातल्या एका तत्त्वाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: कामगारांना त्यांच्या बैठकीत लैंगिक छळाचा विषय मांडू द्यावा आणि मालक-कामगार बैठकीतही त्यावर चर्चा व्हावी. म्हणजे युनियनला दार उघडं होतं. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यात हे तत्त्व उतरलं नाही. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती आली, पण तिचे सदस्य नेमतो मालक. युनियनचा प्रतिनिधी घ्यायची सक्ती नाही. आमच्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी उणीव हीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात मालकाने धोरण ठरवताना कामगार प्रतिनिधींशी सल्लामसलत करावी असं म्हटलंय. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

तरी वाटा आहेत. समितीत कामगारांमधून किमान दोन सदस्य लागतात आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. ती नावं युनियनने आधीच लेखी सुचवावीत. तक्रार लेखी, सहा प्रतींत, घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बाई स्वतः तक्रार करू शकत नसेल तर घटना माहीत असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने करू शकते, आणि आजारी असेल तर सहकारीही. संमतीचा कागद राहिला की प्रकरण तिथेच अडतं. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि अहवालावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची.

ठेकेदाराची बाई असेल तर ‘ती आमची कामगार नाही’ हे उत्तर ठरलेलं. ते टिकत नाही. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या कायद्यात बसतात. कंपनीने लावलेल्या गाडीतला प्रवासही.

खरी अडचण असते ती आरोपीही सभासद असतो तेव्हा. वर्षानुवर्षं कामगाराचा बचाव करायची सवय असलेला नेता सहज त्याच्या बाजूने उभा राहतो, आणि बाई युनियनच सोडते. दोघांशी एकाच पदाधिकाऱ्याने बोलू नये. समितीवर असलेल्याने तर कुणाचीच बाजू घेऊ नये. आरोपीला मदत करायची ती न्याय्य चौकशीपुरती: कागद, मुदत, म्हणणं मांडायची संधी. ही संधी न देता घाईत उरकलेली चौकशी कोर्टात पडते. गोव्यातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच दाखवून दिलं. वकील या चौकशीत चालत नाहीत. दुसरी जुनी सवय ‘मिटवून टाका’ म्हणण्याची. समेट फक्त बाईने मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. गेट मीटिंगमध्ये नावं घेतली तर गोपनीयता मोडते. तिथे धोरणावर बोलावं, प्रकरणावर नाही.

घरकामगार, छोटे यंत्रमाग, हुपरीतली चांदीची घरगुती कामं अशा दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी, किंवा आरोपी खुद्द मालकच असेल तर, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्यात तक्रारी स्वीकारणाऱ्या नोडल अधिकाऱ्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. बाराही तालुक्यांतल्या त्या अधिकाऱ्यांची नावं आणि पत्ते युनियनच्या फलकावर लावायला फार तर एक कागद लागतो.