नेपाळची मिश्र पद्धत आणि न्यूझीलंडची: दोन्हींचा हिशेब एक नाही

निकाल लागले की कुणीतरी लिहितंच: ‘नेपाळ आणि न्यूझीलंड, दोन्हीकडे मतदाराला दोन मतं, म्हणजे पद्धत एकच.’ अजिबात नाही.

एक मत मतदारसंघातल्या उमेदवाराला; तो भाग आपल्याला लोकसभेमुळे पाठ आहे. दुसरं मत पक्षाला, त्यावरून पक्षाच्या यादीतले लोक संसदेत जातात. यादीतून जागा मिळायला नेपाळमध्ये किमान 3 टक्के मतं लागतात. न्यूझीलंडमध्ये 5 टक्के, नाहीतर जिंकलेला एक मतदारसंघ. हे विसरलात तरी चालेल.

खरी गोची पुढे आहे. पक्षाच्या मतांवरून किती जागा वाटायच्या? नेपाळमध्ये 275 पैकी फक्त 110. उरलेल्या 165 मतदारसंघांत कुणी काय कमावलं, हे यादी विचारतच नाही. न्यूझीलंडमध्ये आधी 120 जागांत पक्षाचा एकूण वाटा ठरतो. त्यातून जिंकलेले मतदारसंघ वजा करायचे आणि उरलेल्या जागा यादीतून भरायच्या. थोडक्यात, तिथला वाढपी आधी ताटात काय पडलंय ते बघतो. नेपाळचा बघत नाही.

दोन्हीकडे 2017 साली निवडणूक झाली. न्यूझीलंडमध्ये नॅशनल पक्षाने 71 पैकी 41 मतदारसंघ जिंकले, पण मतं 44.4 टक्के, म्हणून एकूण जागा 56. ‘न्यूझीलंड फर्स्ट’कडे एकही मतदारसंघ नव्हता, 7.2 टक्के मतांवर त्यांना 9 जागा मिळाल्या आणि सरकार कुणाचं हे त्यांनीच ठरवलं. तरी आपल्याकडे मतदारसंघांचा रंगवलेला नकाशा दाखवून ‘नॅशनलची लाट’ म्हणणारे भेटतातच!

नेपाळमध्ये पक्षाच्या मतांत एमाले (तिथला एक कम्युनिस्ट पक्ष) 33.25 टक्के, नेपाळी काँग्रेस 32.78. यादीच्या जागा 41 आणि 40, अगदी तुल्यबळ. पण एमालेने माओवाद्यांशी मतदारसंघ वाटून घेतले होते, त्यामुळे तिथे 80 विरुद्ध 23. बेरीज 121 आणि 63. न्यूझीलंडच्या हिशेबाने दोघंही शंभरच्या आसपास राहिले असते. नेपाळच्या पद्धतीला सरसकट ‘प्रमाणशीर’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी-शेजारी मांडून बघावेत.

मला न्यूझीलंडचीच रीत पटते. जर्मनीने तर ती आणखी कडक केली: 2025 साली मतदारसंघात पहिले आलेले 23 उमेदवार संसदेबाहेर राहिले, कारण त्यांच्या पक्षांचा वाटा आधीच संपला होता.