शाळेच्या तळघरात वॉकीटॉकी मुकी का होते?

आपत्तीत शाळा आणि अग्निशमन दलाचा संपर्क कसा राहणार, असं विचारलं की 'सगळ्यांकडे मोबाइल आहेत की' हे उत्तर ठरलेलं. पण बातमी पसरताच शेकडो पालक एकाच वेळी फोन लावतात आणि जवळच्या टॉवरची क्षमता संपते. म्हणूनच जवान स्वतःच्या वॉकीटॉकी घेऊन येतात. खरी अडचण इमारतीत शिरल्यावर सुरू होते.

वॉकीटॉकी साधारण ५ वॅटची. ४०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ७५ सेंटिमीटर. काँक्रीटमधल्या सळ्यांची जाळी त्याहून खूप बारीक, त्यामुळे लहरीचा बराच भाग परावर्तित होतो. उरलेल्यातला काही काँक्रीट शोषतं. भिंतीत १० डेसिबल (सिग्नल किती घटला-वाढला याचं माप) गेले, की शक्ती एक दशांश उरते. अशा तीन भिंतींनंतर ५ वॅटचे होतात ५ मिलिवॅट. बाहेरचं केंद्र जास्त शक्तीनं बोलतं, म्हणून तळघरातल्या जवानाला आदेश ऐकू येतात, पण त्याचं उत्तर बाहेर पोहोचत नाही. ऐकू येतंय म्हणजे संपर्क आहे, हा समज इथे जीवघेणा ठरतो.

यावर उपाय दुतर्फा सिग्नलवर्धकाचा: गच्चीवर एक अँटेना, मजल्यांवर छोट्या अँटेना, मध्ये अँप्लिफायर. वर्धन, म्हणजे सिग्नलची वाढ, ८० डेसिबल असेल, तर आतल्या अँटेनाचा सिग्नल गच्चीवरच्या अँटेनापर्यंत जाताना निदान ९५ डेसिबलनं घटला पाहिजे. नाहीतर माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते, तसं यंत्र स्वतःचाच सिग्नल वाढवत राहतं आणि तो गोंगाट दलाच्या रेडिओ टॉवरवर जाऊन अख्ख्या परिसराचा संपर्क बंद पाडू शकतो. अशा वेळी वर्धन कमी करावं किंवा गच्चीवरची अँटेना हलवावी.

'एका बटणात सुरक्षित शाळा' म्हणणाऱ्या ॲपच्या जाहिरातींत यातलं काही नसतं. बटणाचा संदेशही त्याच भिंतींतून जातो.

चाचणीसाठी प्रत्येक मजल्याचे २० सारखे चौकोन पाडा. वर्ग भरलेले आणि दारं बंद असताना प्रत्येक चौकोनातून वॉकीटॉकीवर एक वाक्य बोला आणि बाहेरून परत म्हणवून घ्या. किमान १९ ठिकाणी शब्द न् शब्द कळायला हवा. जिने आणि तळघरात तर कुठेच सूट नको.

दारांना बाहेरून वाचता येतील असे ठळक आकडे द्या: मुख्य दार १, पुढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. अग्निशमन दलाला फोनवर आधी पत्ता, दार आणि मजला सांगा, घटना नंतर. फोन मध्येच तुटला तरी गाडी योग्य दारापाशी येते.

खिडक्यांना उष्णता अडवणारी, धातूचा थर दिलेली काच बसवलीत तर चाचणी पुन्हा करा. तो थर रेडिओलहरीही अडवतो.