फसवणूक की अपहार: आर्थिक गुन्ह्यात बचावाची दिशा कशावर ठरते

व्यापारातील देणे थकले आणि तक्रार पोलीस ठाण्यात पोहोचली की फिर्यादीची भाषा जवळपास ठरलेली असते: ‘आरोपीने विश्वास संपादन करून माझी फसवणूक केली व रकमेचा अपहार केला.’ जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, या एका वाक्यामुळे एफआयआरमध्ये दोन कलमे जोडीने लागतात. पूर्वी ती भारतीय दंड संहितेची 406 आणि 420 होती. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांसाठी ती भारतीय न्याय संहितेची 316 (अपहार) आणि 318 (फसवणूक) आहेत. आरोपीलाही हे दोन गुन्हे एकच वाटतात, आणि तो दोहोंना एकच उत्तर देतो: ‘मी पैसे बुडवलेले नाहीत, देणार आहे.’ हे उत्तर एका कलमापुरते थोडेफार उपयोगी पडते. दुसऱ्या कलमात मात्र तेच त्याच्या अंगाशी येऊ शकते.

फसवणुकीत खोटेपणा आधी असतो. समोरच्याला काहीतरी खोटे सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून त्याच्याकडून पैसा वा माल काढून घेतला जातो, आणि तो हाती येण्यापूर्वीच घेणाऱ्याच्या मनात बेइमानी असावी लागते. अपहारात, म्हणजे कायद्याच्या भाषेतील फौजदारी न्यासभंगात, सुरुवात स्वच्छ असते. मालकाने आपली वस्तू राजीखुशीने, काही ठरावीक कामासाठी सोपवलेली असते. बेइमानी नंतर शिरते आणि घेणारा ती वस्तू स्वतःची असल्याप्रमाणे वापरतो, विकतो किंवा गहाण टाकतो. एका गुन्ह्यात सोपवणूक हा पाया आहे, तर दुसऱ्यात ताबा मिळवतानाच कपट झालेले आहे. त्यामुळे एकाच रकमेबाबत, एकाच व्यवहारात हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हेच स्पष्ट शब्दांत सांगितले. घोड्यांच्या दाणागोट्याचा पुरवठा करणाऱ्याची बाकी थकली होती आणि त्यावरून फौजदारी तक्रार झाली होती. उधारीवर विकलेल्या मालाची मालकी विक्रीबरोबरच खरेदीदाराकडे जाते, स्वतःच्याच मालाचा अपहार कोणी करू शकत नाही आणि थकलेल्या किमतीसाठी दिवाणी दावा हा मार्ग आहे, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही कलमे डोळे झाकून लावण्याच्या पोलिसांच्या सवयीवरही त्या निकालात टीका आहे. आरोपीच्या वकिलाने या निकालाची प्रत जोडण्यात गैर काही नाही. पण ती जोडली की आपला व्यवहार खरोखर विक्रीचाच होता हे दाखवण्याचे काम उरतेच, आणि खरी मेहनत तेथे असते.

जळगावच्या सराफ बाजारातील नेहमीचा व्यवहार घ्यावा. सराफ कारागिराला 50 ग्रॅम शुद्ध सोने देतो आणि त्याच्या बांगड्या घडवून मागतो. सोन्याची मालकी सराफाचीच राहते, कारागिराकडे केवळ ताबा येतो. त्याने ते सोने गहाण टाकले तर प्रश्न अपहाराचा आहे, फसवणुकीचा नव्हे. येथे कारागिराचा बचाव ‘माझ्या मनात सुरुवातीला खोट नव्हती’ हा असू शकत नाही, कारण तसे कोणी म्हणतच नाही. त्याचा बचाव वहीत असतो: या आधीचे किती ग्रॅम जमा आहेत, घट किती धरायची ठरली होती, घडणावळीची मजुरी किती थकली आहे, शेवटचा हिशेब कधी मिटला. चालू खात्यातील वजनाचा वाद आणि सोने पचवणे यांतील फरक या कच्च्या वहीवरच ठरतो. सोपवलेल्या मालाचा हिशेब आरोपीला देता आला नाही किंवा त्याने दिलेला खुलासा खोटा निघाला, तर त्यावरून बेइमानीचा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच एका कापड रंगवणाऱ्या गिरणीच्या प्रकरणात म्हटलेले आहे. अशा खटल्यात आरोपीने निव्वळ गप्प बसून राहणे, कायद्याने त्याला तो हक्क असला तरी, बहुधा महागात पडते.

कापसाचा व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे. खेडा खरेदीत किंवा थेट जिनिंगवर शेतकरी कापूस टाकून येतो, काटापावती घेतो आणि भाव नंतर ठरवायचा असे बोलणे होते. चार महिन्यांनी भाव वाढतो, तोवर व्यापाऱ्याने कापूस पिळून गाठी विकलेल्या असतात आणि पैसे अडकलेले असतात. हा कापूस विकला गेला होता की सांभाळायला ठेवला होता? वस्तू विक्री कायदा, 1930 नुसार किंमत पुढे ठरवायची असली तरी विक्रीचा करार होऊ शकतो. म्हणजे भाव ठरला नव्हता एवढ्यावरून ती सोपवणूक होत नाही. मात्र पावतीवर ‘ठेव’ किंवा ‘जमा’ असे लिहिले असेल, गोदामभाडे आकारले असेल किंवा शेतकऱ्याला तोच माल परत नेण्याची मुभा असेल, तर पारडे सोपवणुकीकडे झुकते. व्यापाऱ्याने उचल दिली असेल, त्या दिवशीच्या साठावहीत माल स्वतःच्या खरेदीत धरला असेल आणि इतर शेतकऱ्यांशीही त्याच पद्धतीने व्यवहार केले असतील, तर विक्रीची बाजू भक्कम होते. माझ्या मते खानदेशातील अशा अनेक प्रकरणांचा निकाल साक्षीपेक्षा त्या हातभर काटापावतीच्या मजकुरावर अवलंबून असतो, आणि ती पावती आरोपीच्या वकिलाने जामिनाच्या अर्जापूर्वीच वाचलेली असावी.

रावेर-यावल पट्ट्यातील केळीचा व्यवहार बहुतेक वेळा उलट्या बाजूला पडतो. बाहेरचा व्यापारी बाग पाहतो, माल कापून गाडी भरतो आणि पैसे देत नाही. माल विकला गेला आहे, तेव्हा अपहार नाही. प्रश्न उरतो तो फसवणुकीचा, आणि तोही गाडी भरली त्या दिवशीच्या मनाचा. मन कोणी पाहिलेले नसते, म्हणून न्यायालय खुणा पाहते. नाव-पत्ता खरा दिला होता का, आधीच्या दोन-तीन गाड्यांचे पैसे वेळेवर दिले होते का, धनादेश बंद खात्याचा तर नव्हता ना, माल पुढे कोणत्या भावाने विकला, त्याच आठवड्यात आणखी किती जणांकडून असाच माल उचलला. केवळ नंतर वचन मोडले म्हणून सुरुवातीपासून कपट होते असे गृहीत धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मधील हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात सांगितले आहे. उत्तरेच्या बाजारात भाव कोसळल्याचे दाखवणारी बिले, मंडीतील विक्रीपट्ट्या आणि बँकेचा खातेउतारा हे येथे आरोपीचे खरे साक्षीदार असतात. मोबाइलमधील संदेश दाखल करायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र सोबत लागते. ते विसरल्यामुळे चांगला पुरावा बाजूला पडू शकतो.

आता ‘देणार आहे’ या उत्तराकडे वळू. फसवणुकीच्या आरोपात थोडी रक्कम वेळोवेळी दिल्याच्या नोंदी प्रामाणिक हेतूची खूण ठरतात. अपहारात मात्र काही काळापुरता केलेला गैरवापरही गुन्हाच असतो, हे कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. सोसायटीच्या सचिवाने तिजोरीतील रक्कम दोन महिने स्वतःच्या शेतीला वापरून नंतर भरली, तर भरल्याने शिक्षा सौम्य होईल, गुन्हा पुसला जाणार नाही. त्यातच पोलीस ठाण्यात बसून ‘इतकी रक्कम मी अमुक तारखेपर्यंत परत करीन’ असे लिहून दिले की तो कागद पुढे रक्कम मिळाल्याच्या कबुलीसारखा वापरण्याचा प्रयत्न होतो. जामीन म्हणजे वसुलीची प्रक्रिया नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये रमेश कुमार प्रकरणात बजावलेले असतानाही आरोपी घाबरून स्वतःच रक्कम भरण्याची हमी देतात, आणि ती पाळता आली नाही की मिळालेला जामीन जातो.

पतसंस्थांच्या प्रकरणांत संचालकांवर बहुधा कलम 316 चे पाचवे उपकलम, म्हणजे जुने 409, लावले जाते. लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल किंवा अभिकर्ता या नात्याने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. जळगाव पालिकेच्या घरकुल प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 2019 मध्ये 48 जणांना दोषी ठरवले, तेव्हा सार्वजनिक निधी हाताळणाऱ्याची जबाबदारी किती जड असते हे जिल्ह्याने पाहिले. तरीही संचालक मंडळावर नाव आहे म्हणून प्रत्येक संचालक आपोआप दोषी ठरत नाही. कर्जमंजुरीच्या ठरावाला कोण हजर होते, तारणाचे मूल्यांकन कोणी मान्य केले, विरोध नोंदवला होता का, हे इतिवृत्तातून काढावे लागते. सहकार कायद्याच्या कलम 88 खाली ठरलेली नुकसानीची जबाबदारी ही दिवाणी स्वरूपाची असते. तिच्यावरून बेइमानी सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा राज्य कायदा लागला तर मालमत्ता जप्तीचा वेगळा मोर्चा उघडतो, आणि त्याचा बचावही वेगळा असतो. भागीदारीचा प्रश्न आणखी निराळा: भागीदाराने फर्मचीच मालमत्ता वापरली तर, विशेष करार नसल्यास, अपहार होत नाही, असे 1965 मध्ये वेलजी राघवजी पटेल प्रकरणात ठरले आहे.

प्रक्रियेतही फरक आहे. 318 च्या चौथ्या उपकलमाला कमाल सात वर्षे आणि साध्या अपहाराला पाच वर्षे शिक्षा असल्याने, दोहोंत अटकेपूर्वी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 35 ची नोटीस हा सामान्य मार्ग आहे, आणि अटक झाली तरी 60 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हक्काने मिळतो. 316 च्या पाचव्या उपकलमात ही मुदत 90 दिवसांची होते आणि गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. एफआयआर रद्द करण्यासाठी खानदेशातील तिन्ही जिल्ह्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागते. फिर्याद वाचताच व्यवहार उधारीचा दिसत असेल तर ती रद्द होण्याची आशा ठेवता येते. सोपवणूक झाली की नाही हा वाद असेल तर न्यायालय बहुधा तो खटल्यावर सोडते.

खटल्यात आणखी एक खाचखळगा आहे. घटना कोणत्या गुन्ह्यात बसते याबद्दल शंका असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 244 नुसार न्यायालय पर्यायी दोषारोप ठेवू शकते, आणि एका गुन्ह्याचा आरोप असताना पुराव्यावरून दुसरा सिद्ध झाला तर त्या दुसऱ्यासाठी शिक्षाही देऊ शकते. त्यामुळे फसवणुकीचा आरोप खोडण्याच्या भरात ‘फिर्यादीने पूर्ण समजून, विश्वासाने माल आमच्याकडे सांभाळायला दिला होता’ असे उलटतपासणीत वदवून घेणारा वकील आपल्या अशिलाला 318 मधून सोडवतो आणि 316 मध्ये नेऊन बसवतो.