जनुकसंचाच्या माळ्यावर काय आहे?

डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात हैदराबाद रोडने जायचं तर हातात वेळ ठेवून निघावं लागतं. सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गाड्यांची रांग यार्डाबाहेर येते. आत कांद्याचे वक्कल, म्हणजे विक्रीचे ढीग, लावलेले, लिलाव पुकारणारा पुढे, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका आणि सगळ्यांच्या पायाखाली सालं. बहुतेक डीएनए कामाचा की निव्वळ अडगळ, या जनुकशास्त्रातल्या जुन्या भांडणात या कांद्याला मानाचं पान आहे, असं तिथे कुणाला सांगितलं तर तो आधी भाव विचारेल.

मला ते आठवीतल्या एका मुलीने सांगायला लावलं. शाळेत विज्ञानाचा प्रयोग होता. कांदा किसायचा, मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी घालून थोडा वेळ ठेवायचा, गाळून घ्यायचा आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं स्पिरिट कडेकडेने सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरट तंतू वर यायला लागतात. शेवयांच्या खिरीतल्या तळाच्या शेवईसारखे, मऊ आणि एकमेकांत गुंतलेले. काडीवर गुंडाळता येतात. तो डीएनए. मुलीने काडी डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "सर, कांद्यात एवढा, तर माणसात किती?"

उत्तर ऐकून वर्ग हसला. पेशीमागे हिशेब धरला तर माणसात कांद्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच.

सोलापूरच्याच बाजारातला माल घेऊन आकडे बघा. जिवाचा सगळा डीएनए म्हणजे त्याचा जनुकसंच, आणि तो ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. डाळिंबाच्या जनुकसंचाचा एक संच साधारण ३० ते ३५ कोटी अक्षरांचा. ज्वारीचा ७३ कोटींच्या आसपास. माणसाचा सुमारे ३१० कोटी. आणि कांद्याचा १६०० कोटींच्या घरात. प्रथिनं कशी बनवायची याचा मजकूर ज्यात असतो ती जनुकं मोजली तर चित्र उलटंच दिसतं. डाळिंबात ती ३० हजारांच्या आसपास भरतात, माणसात २० हजारांच्या. म्हणजे अक्षरांचा ढीग आणि प्राण्याची किंवा झाडाची गुंतागुंत, यांचा एकमेकांशी मेळ नाही. माणसाच्या ३१० कोटी अक्षरांपैकी प्रथिनांचा मजकूर दीड टक्क्याच्या आसपास आहे. बाकीचं काय करतं, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

मेळ नसल्याचं १९५० च्या सुमारासच लक्षात आलं होतं. १९७१ मध्ये या कोड्याला 'सी-व्हॅल्यू पॅराडॉक्स' असं नाव मिळालं (सी-व्हॅल्यू म्हणजे एका संचातला एकूण डीएनए). त्याआधी १९६८ मध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी दाखवलं होतं की प्राण्यांच्या डीएनएत तेच ते तुकडे हजारो, लाखो वेळा आलेले असतात. आणि १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी या बिनकामाच्या डीएनएसाठी तो शब्द वापरला, जो अजून पिच्छा सोडत नाही: जंक.

मराठीत आपण त्याचं 'कचरा' केलं. माझी तक्रार इथे आहे. कचरा आपण घंटागाडीत टाकतो. जंक म्हणजे अडगळ, आणि ती माळ्यावर जाते. पितळी बंब, मोडका पाळणा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात आजोबांच्या हातमागाचा धोटा. रोजच्या संसारात या वस्तूंचा उपयोग शून्य, पण त्यांचा त्रासही नाही, म्हणून त्या राहतात. आणि राहिल्या म्हणूनच कधीतरी कुणीतरी धोट्याला पॉलिश करून दिवाणखान्यात मांडतं. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी पुढे नेमका हाच भेद सांगितला होता: कचरा टाकून दिला जातो, अडगळ ठेवून दिली जाते. इंग्रजीत हे समजावून सांगावं लागलं. आपल्याकडे दोन शब्द आयते होते, तरी आपण चुकीचा उचलला.

ओहनो यांचं म्हणणं नीट वाचलं तर त्यात तुच्छता नाही, हिशेब आहे. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना चुका होतात. एका नवजात बाळात आईवडिलांकडे नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात, हे आता मोजलेलं आहे. सगळी ३१० कोटी अक्षरं जर जिवाला आवश्यक असती तर इतक्या चुकांच्या भाराखाली वंशच मोडून पडला असता. ज्या अर्थी आपण आहोत, त्या अर्थी बहुतेक चुका अशा जागी पडतात जिथे काही बिघडत नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी माणसाची जनुकं एक लाख असल्याचं वर्षानुवर्षं छापलं. ओहनो यांचा हिशेब ३० हजारांच्या आसपास थांबत होता. प्रत्यक्षाच्या जवळ कोण होतं, ते २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा हाती आल्यावर कळलं.

ही अडगळ आली कुठून, याचं उत्तर मक्याच्या कणसात होतं. बार्बरा मॅक्लिंटॉक १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला मक्याच्या दाण्यांवरचे जांभळे ठिपके बघत होत्या. डीएनएचा एक तुकडा जागा बदलतो, रंगाच्या जनुकात जाऊन बसतो आणि रंग बंद पडतो. तिथून निघाला की तेवढ्यापुरता ठिपका उमटतो. १९५१ मध्ये त्यांनी हे परिषदेत मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. अशा उड्या मारणाऱ्या आणि स्वतःच्या नकला काढणाऱ्या तुकड्यांचे अवशेष माणसाच्या जनुकसंचात निम्म्याच्या आसपास भरतात. त्यातला 'आलू' नावाचा तुकडा (आपल्या आलूचा त्याच्याशी संबंध नाही) जेमतेम ३०० अक्षरांचा, पण दहा लाखांहून जास्त ठिकाणी बसलेला. सुमारे आठ टक्के भाग तर जुन्या विषाणूंचा आहे. त्यांतल्याच एका विषाणूचं एक जनुक आज गर्भाच्या वारेत कामाला लागलंय. 'सिन्सिटिन' हे प्रथिन तिथून येतं. धोटा दिवाणखान्यात आला तो असा. कांदा एवढा फुगला तोही मुख्यतः याच नकलांमुळे.

माळ्याच्या कोपऱ्यात चालू स्थितीतली यंत्रं आहेत, हे मात्र हळूहळू कळत गेलं. फ्रान्सवा जेकब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्येच जिवाणूत दाखवलं होतं की जनुकाशेजारचा डीएनएचा एक छोटा भाग स्वतः कसलंही प्रथिन न लिहिता जनुक चालू-बंद करतो. १९८१ मध्ये वॉल्टर शाफ्नर यांच्या गटाने आणखी चक्रावणारी गोष्ट दाखवली: असा भाग जनुकापासून लांब असला, उलटा बसवला, तरी त्याचा जोर चालतो. त्याला एन्हान्सर म्हणतात. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला जॅकार्ड, म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, पुरतो. चादरीवरचा मोर कुठल्या धाग्यात नसतो, तो भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असतो. कुठला उभा धागा कधी उचलायचा ते कार्ड ठरवतं. चादरीत मात्र कार्डाचा एक तंतूही जात नाही. एक भोक चुकलं तर सूत कितीही चांगलं असो, मोराला सहावं बोट फुटायचं.

बोटाचं उगाच म्हणत नाही. हातापायांची घडण ठरवणाऱ्या एका जनुकाचा एन्हान्सर त्याच्यापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात बसलेला आहे. त्यात एक अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकतं. २००३ मध्ये हे उलगडलं. सापांमध्ये हाच तुकडा झिजून गेलाय. २०१६ मध्ये उंदरांत त्यांच्या तुकड्याच्या जागी सापाचा तुकडा बसवला, तेव्हा पिल्लांचे पाय नीट वाढलेच नाहीत, नुसते खुंट राहिले. जनुक शाबूत होतं, कार्ड बदललं होतं.

सापावरून हैदराबादची गोष्ट आठवते, आणि सोलापूरकराला हैदराबाद म्हणजे शेजारच. जीवशास्त्रज्ञ लालजी सिंह सापांच्या लिंगगुणसूत्रांवर काम करत असताना त्यांना पट्टेरी मण्यारीच्या डीएनएत परत परत येणारा एक तुकडा सापडला. तसलेच तुकडे माणसातही असतात आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये लेस्टरला अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये अशाच पुनरावृत्तींवरून डीएनएचा ठसा काढला होता. सिंह यांनी मण्यारीचा तुकडा वापरून हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, देशी पद्धत उभी केली. १९८९ मध्ये केरळातल्या पितृत्वाच्या खटल्यात ती कोर्टात उभी राहिली, आणि राजीव गांधी हत्येच्या तपासातही तिचा उपयोग झाला. इथे गंमत अशी की ठशासाठी अडगळच बरी. कामाच्या मजकुरात फरक पडला तर जीव भोगतो, म्हणून तिथे माणसं बरीचशी सारखी असतात. अडगळीत ज्याचं त्याचं वेगळं.

आता सर्वांत जवळची गोष्ट. माझ्या एका मित्राच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरावं लागतं. तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवून त्याने विचारलं, "जनुकात दोष आहे म्हणतात, मग हे एक-पाच काय आहे?" कागदावर होतं: आयव्हीएस १-५, जी च्या जागी सी. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त सापडणारा बदल हाच.

हे वाचायला १९७७ साली जावं लागतं. त्या वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं की आपल्यासारख्या जिवांत जनुकाचा मजकूर सलग नसतो. मध्ये मध्ये गाळायचे भाग असतात. वॉल्टर गिल्बर्ट यांनी पुढच्या वर्षी त्यांना इंट्रॉन म्हटलं. पेशी आधी सगळं उतरवून घेते, मग इंट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात असे दोन गाळायचे भाग आहेत. कागदावरचा आयव्हीएस १ म्हणजे त्यातला पहिला, १३० अक्षरांचा. त्यातलं पाचवं अक्षर जी असायला हवं, ते माझ्या मित्राच्या लेकीत दोन्हीकडून सी आलंय. प्रथिनाच्या मजकुरातलं एकही अक्षर चुकलेलं नाही. पण कात्री कुठे चालवायची याची खूण पुसट झाली, पेशी भलतीकडेच कापते, आणि साखळी पुरेशी तयार होत नाही. मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे जे फेकून द्यायचं, त्यातल्या चुकीने हे झालं?" हो म्हणण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं.

उपचाराची एक वाटही त्याच प्रदेशातून जाते. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते मागे पडतं. ते मागे पाडण्यात बीसीएल११ए या जनुकाचा हात आहे. त्याच्या इंट्रॉनमध्ये फक्त लाल रक्तपेशींच्या घडणीपुरता चालणारा एन्हान्सर आहे, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने नेमका तो एन्हान्सर मोडायचा आणि पेशी परत द्यायच्या, की लाल पेशींत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर. ती मित्राला मी सांगितली नव्हती; त्याने आधीच शोधून ठेवली होती.

अशी उदाहरणं साठत गेली तसा लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये मानवी जनुकसंचाचा कुठला भाग काय करतो ते शोधणाऱ्या एनकोड प्रकल्पाने जाहीर केलं की जनुकसंचाच्या ८० टक्के भागात काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते. दुसऱ्या दिवशी जगभर मथळे: जंक डीएनए संपला. हालचाल म्हणजे काम नव्हे, ही टीका लगेच झाली. उत्क्रांतीचे अभ्यासक डॅन ग्राउर यांनी तर २०१३ मध्ये सालटंच काढलं. मला टीकाकारांची बाजू पटते. उत्क्रांतीने जे जपून ठेवलंय ते मोजलं तर २०१४ च्या एका अभ्यासात ८.२ टक्के आलं, २०२३ मध्ये २४० सस्तन प्राणी ताडून पाहिले तेव्हा १०.७ टक्के. प्रथिनांच्या मजकुराच्या कितीतरी पट, पण ऐंशीच्या जवळपासही नाही. स्वतः प्रथिन न बनवता जनुकांना आवर घालणारे सूक्ष्म आरएनए (व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं) त्यातच आले. उरलेल्या ढिगाला काम चिकटवू पाहणाऱ्यांसाठी रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्येच एक साधी परीक्षा ठेवली होती, आणि तिचं नावच कांदा परीक्षा: तुम्ही सांगता ते काम करायला कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए का लागावा?

दरम्यान दवाखान्यात वेगळाच पेच आहे. मुलाच्या आजाराचं निदान होत नाही म्हणून आईबाप 'सगळी जनुकं तपासणारी' चाचणी करतात आणि कागद येतो: काही आढळलं नाही. ही चाचणी बहुतेक वेळा एक्झोमची असते, म्हणजे प्रथिनांच्या मजकुराची आणि त्याच्या काठावरच्या थोड्या अक्षरांची. आयव्हीएस १-५ काठापासून पाचव्या घरात आहे, म्हणून सहसा सापडतो. दहा लाख अक्षरं दूरचा एन्हान्सर त्या चाचणीत वाचलेलाच नसतो. तसं कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं, सहीच्या जरा वर.