तीन किलो तांदळापासून चव रजिस्टरपर्यंत

15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली, तेव्हा दोन वर्षांत शिजवलेले अन्न देण्याचे ठरले होते. बहुतेक राज्यांनी मात्र सोपा मार्ग धरला: महिन्याला 80 टक्के हजेरी असेल त्या मुलाला 3 किलो धान्य. महाराष्ट्रात ते तांदळाच्या रूपात मिळे. पिशवी घरी गेली की तांदूळ घरच्या डब्यात पडायचा आणि पाच-सहा तोंडांत वाटला जायचा. मुलाच्या ताटात नेमके किती आले, हे कोणालाच सांगता येत नसे. तामिळनाडूत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी 1 जुलै 1982 पासून मुलांना शिजवलेले जेवण द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे नमुना देशातच होता.

बदल झाला तो न्यायालयामुळे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला: शाळेत शिजवलेलेच अन्न, किमान 300 उष्मांक, 8 ते 12 ग्रॅम प्रथिने, वर्षात किमान 200 दिवस. 2006 मध्ये प्राथमिकसाठी ही मर्यादा 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनांवर गेली. पुढे योजना आठवीपर्यंत पोचली, तेव्हा सहावी ते आठवीसाठी 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने ठरली.

आज प्रत्येक शाळेत लावलेल्या प्रमाणाच्या तक्त्याचा उगम हाच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 20, भाजी 50, तेल 5. साठ मुलांना 6 किलो तांदूळ, 1 किलो 200 ग्रॅम डाळ, 3 किलो भाजी, 300 ग्रॅम तेल. सहावीपासून पुढे हेच माप दीडपट. गफलत होते ती डाळीत. वीस ग्रॅम डाळीतून सुमारे 70 उष्मांक आणि 5 ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ निम्मी करून पाणी वाढवले, तर उष्मांक 35 नेच घटतात आणि मूल पोटभर जेवून उठते. प्रथिने मात्र अडीच ग्रॅमने घसरून बाराच्या खाली येतात. म्हणून आमटी पातळ दिसली की भात मोजत बसू नये, आधी डाळीचे वजन पाहावे.

एवढे नियम झाले तरी सगळे पोटाचेच होते. चूल आणि कोठीकडे लक्ष गेले ते मुलांचे जीव गेल्यावर. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागून वर्गांत पसरली आणि 94 मुले दगावली. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 ला, बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतले जेवण खाऊन 23 मुले गेली. भाजीच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेलाचा वास वेगळा येत असल्याचे स्वयंपाकिणीच्या लक्षात आले होते, तरी स्वयंपाक थांबला नाही. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खाद्यतेलाला चालत नाही, कारण प्लास्टिकमध्ये अंश मुरलेला राहतो आणि फोडणीच्या आचेने सगळे विष जाईल याची खात्री नसते. शेतकरी घरांत असे डबे सर्रास वापरले जातात, म्हणून शाळेत तेल सीलबंद पुड्यांतूनच यायला हवे.

त्यानंतर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली 2015 मध्ये मध्यान्ह भोजनाचे नियम आले. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी, त्यांत एका शिक्षकाने, अन्न चाखायचे आणि नोंद ठेवायची. नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे. जेवण मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. चाखल्याची नोंद ठेवणारे चव रजिस्टर आले ते गंडामनसारख्या घटनांमुळे. पण चव घेऊन लगेच पंगत बसवली तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही. चाखल्यावर अर्धा तास तरी जाऊ द्यावा. महिनाभराच्या सह्या एकदम केल्या जात असतील, तर रजिस्टर नसल्यातच जमा.

चवीला न कळणारा धोकाही आहे, विशेषतः शहरांतल्या केंद्रीय स्वयंपाकगृहांत. भातातले बॅसिलस सिरिअस जंतू बीजाणूंच्या रूपात उकळीतही तग धरतात. पहाटे शिजलेली खिचडी 60 अंशांच्या खाली आली आणि दोन-तीन तास कोमट राहिली, की ते वाढून विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मुलांना तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात आणि संशय पाली-झुरळांवर जातो. खिचडी वाफाळती असतानाच उष्णतारोधक डब्यात भरावी, शाळेत डबा उघडताच तापमापक घालून पाहावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कधीही वापरू नये.

महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. उकडलेल्या अंड्यात पाणी घालता येत नाही, भेसळ जवळपास अशक्य, आणि वाढताना नगावर मोजता येते. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून पैसे उभे करायला सांगण्यात आले. दुर्गम पाड्यांवर अंड्यासाठी वर्गणी जमणे अवघड आहे, आणि प्रथिनांची सर्वांत जास्त गरज तिथल्याच मुलांना आहे. हा निधी सरकारने पुन्हा सुरू करायला हवा.